द्यु सेर्सो की पल्लादिओ: सुरुवात कोणापासून करावी?

प्रबोधनकाळातील युरोपात घराच्या छापील आराखड्यातून मालकाची सामाजिक पायरी कशी दाखवली जाई, हे ज्यांना अभ्यासायचे आहे आणि तूर्त एकाच ग्रंथाला वेळ देता येणार आहे, त्यांच्यासमोर दोन चांगले पर्याय आहेत: फ्रेंच वास्तुकार झाक आंद्रुए द्यु सेर्सो याचा १५५९ मध्ये पॅरिसला निघालेला ५० घरांचा ग्रंथ, आणि इटालियन वास्तुकार आन्द्रेआ पल्लादिओची १५७० मध्ये व्हेनिसला छापलेली वास्तुकलेवरील चार पुस्तके.

द्यु सेर्सो शीर्षकातच सांगतो की हा ग्रंथ लहान, मध्यम आणि मोठ्या ऐपतीच्या बांधणाऱ्यांसाठी आहे. तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेल्या आराखड्यांसोबत बांधकामाची मापेही दिलेली असल्याने खर्चाचा अंदाज बांधता येतो. मात्र ही घरे कोणा विशिष्ट मालकासाठी आखलेली नाहीत, त्यामुळे येथे प्रतिष्ठा म्हणजे मुख्यतः आकार आणि खर्च. इटालियन वास्तुकार सेबास्तियानो सेर्लिओने शेतकऱ्याच्या झोपडीपासून राजवाड्यापर्यंतची उतरंड याआधीच रेखाटली होती, पण ते पुस्तक त्याच्या हयातीत छापलेच गेले नाही.

पल्लादिओची लाकडी ठशांवरची चित्रे दिसायला रुक्ष आहेत, तरी माझा कौल त्यालाच, कारण त्याच्या दुसऱ्या पुस्तकात आराखड्याशेजारी मालकाचे नाव येते. थोरामोठ्यांच्या घरी प्रशस्त दालने हवीत, म्हणजे भेटीसाठी किंवा मदत मागायला आलेल्यांना ताटकळणे जड जाणार नाही, असे तो लिहितो. व्यापाऱ्याच्या घरात मात्र उत्तरेकडे तोंड असलेली, चोरांचे भय नसलेली कोठारे हवीत. देवळासारखी त्रिकोणी शिखरपट्टी घराच्या दर्शनी भागावर का बसवावी, याचे त्याने दिलेले एक कारण तर अगदी उघड आहे: मालकाचे कुलचिन्ह लावायला ती सोयीची पडते. पोपच्या दरबारी अधिकारी राहिलेल्या पाओलो आल्मेरिकोचे टेकडीवरचे घर, म्हणजेच आजचे व्हिला रोतोंदा, इटलीतील विचेन्झा शहराच्या जवळ आहे म्हणून त्याने शेतवाड्यांत न घालता शहरी घरांत मांडले आहे, आणि एवढ्या एका वर्गीकरणावरही बराच विचार करता येतो.

पल्लादिओ निवडणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी. छापलेले घर आणि उभे राहिलेले घर नेहमी एकच नसते. विचेन्झातील पालाझ्झो थिएने हा वाडा पुस्तकात चारही बाजूंनी पूर्ण आहे, प्रत्यक्षात त्याचा काही भागच बांधला गेला.