जर्मन शिकवणारं अ‍ॅप, वर्षभर वापरल्यावर: चुकण्याचे पैसे का भरायचे?

परवा वर्षाची वर्गणी न विचारता पुन्हा कापली गेली. तक्रार केली तर ठरलेल्या उत्तरापलीकडे कोणी बोलेना. चिडूनच लिहितेय.

फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत. मला बोलायचंय त्या पाच जिवांबद्दल. फुकटच्या आवृत्तीत चुकलं की एक जीव जातो, पाच गेले की धडा बंद. अहो, देर-दी-दास (नामाचं लिंग दाखवणारे जर्मन शब्द) न चुकणारा नवशिका दाखवा! टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे पुल्लिंगी. एकच जीव उरला की मी नवा धडा उघडायचेच नाही, जुनेच गिरवायचे. रात्री 'स्ट्रीक (सलग दिवसांची साखळी) तुटेल' असा मेसेज आला की सर्वांत सोपा धडा उरकायचा. स्ट्रीक वाढली, जर्मन होतं तिथंच.

भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात हेच सांगितलं होतं: मनावर ताण असला की कानावर पडलेली भाषा आत शिरत नाही. त्यांच्या बाकी मांडणीवर वाद आहेत, पण हे मला पटलं. १९८६मध्ये हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. त्यात आपलं नाव पुकारणार म्हणून छातीत धडधडण्याचंही विधान आहे.

मग पैसे भरले, जीव अमर्याद झाले आणि मत बदललं. बिनधास्त चुकायला लागले, मोठ्यानं बोलायला लागले. शब्द भराभर वाढले. ऐकण्याचे धडे तर उत्तमच. पण ज्याला सर्वांत जास्त धीर हवा, त्या नवशिक्याकडूनच त्याची किंमत वसूल करायची, हे मला अजिबात मान्य नाही.

नवरा म्युनिकला असतो. व्हिसासाठी ए-१, म्हणजे जर्मनची सर्वांत पहिल्या पातळीची परीक्षा, पास हवी. पण सक्तीनं मी फार तर पास झाले असते. मुलीच्या बालवाडीतल्या बाईंशी मला स्वतः बोलायचंय, म्हणून रोज बसले. तोंडी परीक्षेला २५ गुण, तीही इतर उमेदवारांसोबत. त्याची तयारी अ‍ॅपनं करून घेतली नाही. तिथं फक्त दिलेलं वाक्य म्हणायचं. ती तयारी झाली रविवारच्या छोट्या बॅचमध्ये. तिथल्या बाई वाक्य पूर्ण होऊ देतात, मग चूक सांगतात. परीक्षेत प्रश्न कळला नाही तेव्हा 'पुन्हा सांगाल का?' हे मी न घाबरता जर्मनमध्ये विचारलं.

पाचापैकी तीन. घेणार असाल तर महिन्याचीच वर्गणी घ्या, ऑटो-रिन्यू त्याच दिवशी बंद करा आणि वाचलेले पैसे अशा एखाद्या बॅचला द्या.