एकाच डब्यात विंडोज ७ आणि लिनक्स मिंट: आठ महिने वापरल्यावर

आमचं कराडात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडून देण्याचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, देवस्थानाची पावतीपुस्तकं, असली कामं. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या फाइली साठल्यात आणि त्यातल्या निम्म्या दरवर्षी परत उघडाव्या लागतात, कारण पतसंस्थेला अहवाल हवा असतो तो "मागच्या वर्षीसारखाच, फक्त आकडे बदला". पेजमेकर ७ आलं २००१ साली. त्यानंतर ते बनवणारी अडोबी कंपनी आपल्या इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरच्या मागे लागली आणि पेजमेकर तिथंच थांबलं. आम्हीही तिथंच थांबलो, हे कबूल करतो.

अडचण अशी की गिऱ्हाईक काही २००१ मध्ये थांबलेलं नाही. मजकूर येतो व्हॉट्सॲपवर, युनिकोडमध्ये (मोबाइल-इंटरनेटवर चालणारी अक्षरं साठवायची आजची पद्धत, आमच्या जुन्या फाँटांपेक्षा वेगळी), तोही रात्री साडेअकराला. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या सुरुवातीची. पुढे जुन्या ब्राउझरात एकेक साइट रुसायला लागली. विंडोज १० टाकावं म्हटलं तर त्याचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, आणि विंडोज ११ ला आमचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर चालत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. नवीन मशीन घ्यायला हरकत नव्हती. पण आमच्या फाँट सॉफ्टवेअरचं लॉक (ही छोटी डबी जोडल्याशिवाय फाँट चालतच नाहीत) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर बसतं. पंचवीस पिनांचा तो गुलाबी पोर्ट आता नव्या बोर्डावर शोधून सापडत नाही. आमच्या एच-६१ मदरबोर्डावर त्याची हेडर, म्हणजे केबल लावायच्या पिना आहेत, म्हणून बोर्ड राहिला आणि बोर्डामुळे बाकी सगळं राहिलं.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सिस्टिमच्या आत खिडकीत विंडोज चालवणं, आधी करून पाहिलं. पेजमेकर आतमध्ये झक्क चाललं, पण लॉक काही आतल्या विंडोजला दिसेना. लॉक नाही तर फाँट नाहीत, आणि फाँट नाहीत तर पत्रिकेवर नुसता इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला. दोन रविवार घालवून तो नाद सोडला आणि मे २०२५ मध्ये ड्युअल बूट केलं, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम, चालू करताना हवी ती निवडायची: एका बाजूला विंडोज ७, ३२ बिट; दुसऱ्या बाजूला लिनक्स मिंट २२.१, ही फुकट मिळणारी सिस्टिम.

बसवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. सगळा डेटा आधी दोन वेगळ्या ठिकाणी उतरवला. नवी २४० जीबीची एसएसडी घेतली; प्रत्यक्षात ती २२३ दिसते. साठ जीबी विंडोजला, पन्नास मिंटला, उरलेली जागा दोघांना सामाईक, दोघांनाही वाचता येणाऱ्या एनटीएफएस पद्धतीत, नाव 'कामं'. जुनं आधी आणि नवं नंतर, हा क्रम पाळायचाच. विंडोज ७ नंतर टाकलं की ते बूटची जागा स्वतःच्या नावावर करून घेतं आणि मिंट असूनही दिसत नाही. ३२ बिटचं विंडोज ७ यूईएफआय या मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीनं उठत नाही, त्याला जुनी लेगसी पद्धत लागते, म्हणून डिस्कही एमबीआर या जुन्या पद्धतीनंच विभागली. त्यात मुख्य (प्रायमरी) पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, चारच होतात, तेव्हा मिंट एक्स्टेंडेड भागात ढकललं. त्याला त्याचं काही वाटत नाही.

इथंच पहिला मार खाल्ला. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा पुढे 'यूईएफआय' लिहिलेला, एकदा नुसता. मी वरचा निवडला. मिंट यूईएफआयमध्ये बसलं, विंडोज लेगसीमध्ये, आणि दोघं एकाच घरात राहून एकमेकांचं तोंड बघेनात. मेनूत विंडोजचं नावच नाही. सगळं पुसून नुसत्या नावाचा पेनड्राइव्ह निवडून परत बसवलं, तेव्हा ग्रबच्या (सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या मेनूच्या) काळ्या पडद्यावर दोघांची नावं आली. बायोस या बोर्डाच्या सेटिंगमध्ये डिस्क जोडणीचा (साटाचा) मोडही विंडोज टाकण्याआधीच एएचसीआय करून ठेवा. नंतर बदललात तर विंडोज ७ निळा पडदा दाखवून बसतं.

आता खरा किस्सा. विंडोज मानतं की बोर्डावरच्या घड्याळात इथली वेळ आहे. लिनक्स मानतं की तिथं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, आणि त्यात साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवतं. आपापल्या जागी दोघांचंही बरोबर. मिंट इंटरनेटवरून वेळ जुळवतं आणि बोर्डात यूटीसी लिहून ठेवतं. मग विंडोज उघडलं की सकाळी अकराला घड्याळात साडेपाच. मी हसून सोडून दिलं. विंडोजला मी नेट दिलेलंच नाही, तेव्हा ते स्वतःहून सुधारायचाही प्रश्न नव्हता.

जूनमध्ये एका लग्नपत्रिकेचं प्रूफ गेलं. मुलीच्या मामांनी अकरा वाजता तीच पीडीएफ मला परत पाठवली आणि सोबत आवाजी निरोप: "भाऊ, मुहूर्त १२.३५ नाही, १२.५३ आहे. आकडे उलटे झालेत." ती पीडीएफ मिंटमध्ये 'कामं'मध्ये उतरली. मी विंडोजमध्ये जाऊन दुरुस्ती केली, एक वाजता नवीन पीडीएफ त्याच फोल्डरात काढली. पण विंडोजच्या लेखी तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. चार वाजता मिंटमध्ये फोल्डर तारखेनं लावलं, सगळ्यात वरची फाइल उचलली आणि छापखान्याला धाडली. सगळ्यात वरची म्हणजे अकराची, जुनी. चारशे पत्रिका १२.३५ च्या मुहूर्तावर छापून आल्या. मामा दुकानात आले, ओरडले नाहीत, नुसते खुर्चीवर बसून राहिले. ते जास्त लागलं. स्वखर्चानं परत छापून दिल्या. त्याच रात्री टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा देऊन मिंटला सांगितलं की बाबा, बोर्डावरचं घड्याळ इथल्या वेळेतच आहे असं धर. मिंट त्यावर एक इशारा देतं की हे फारसं बरं नाही. असेना. तेव्हापासून घड्याळ जाग्यावर आहे. प्रूफच्या फाइलींना नावातच प्र-१, प्र-२ लावायची सवय मात्र आता सुटणार नाही.

दुसरा त्रास लाइटीचा. इन्व्हर्टरवर असताना विंडोज कधी हायबरनेटमध्ये, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून झोपी जायचं. अशा झोपलेल्या विंडोजनंतर मिंट उघडलं की 'कामं' नुसतं वाचता येतं, त्यात काही साठवता येत नाही. कारण रास्त आहे: विंडोजनं अर्धवट सोडलेल्या डिस्कवर दुसऱ्यानं लिहिलं तर फाइलींची वाट लागेल. विंडोजचं हायबरनेशनच बंद केलं, प्रश्न मिटला, वर काही जीबी जागाही सुटली.

रोजचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण तिथंच याची किंमत कळते. सकाळ मिंटची. व्हॉट्सॲप, मेल, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह सगळं तिथं उघडायचं. शाळांमधून येणाऱ्या पेनड्राइव्हात काय काय भरलेलं असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस मिंटमध्ये नुसती एक फाइल म्हणून पडून राहतो. मजकूर गोळा झाला की युनिकोडमधून जुन्या फाँटात बदलायचा, साध्या टेक्स्ट फाइलीत 'कामं'मध्ये टाकायचा, आणि दुपारी विंडोजमध्ये पेजमेकर. मिंटमध्ये रिस्टार्ट दाबल्यापासून पेजमेकर समोर येईपर्यंत मी मोजलं, एक मिनिट चाळीस सेकंद. हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण पत्रिका पेजमेकरमध्ये उघडलेली असताना "आजोबांच्या नावाआधी कै. राहिलं का बघा, व्हॉट्सॲपवर पाठवलंय" असा फोन आला की मग कळतं. दिवसातून सहा-सात वेळा असं झाल्यावर मी मोबाइलच शेजारी ठेवायला लागलो. छोट्या दुरुस्त्या मोबाइलवर वाचून हातानं टाइप करतो. एवढा खटाटोप करून शेवटी मोबाइल बघून टाइप!

मजकूर बदलताना काय बिघडतं तेही नोंदवतो. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं उलट. बदलणारं सॉफ्टवेअर ही उलटापालट बहुतेक वेळा बरोबर करतं, पण 'दुसऱ्या', 'पुढाऱ्यांच्या' यातला ऱ्या आला की अडखळतं. कधी नुसता 'र्या' करून पुढच्या अक्षरावर रफार चढवतं. आमच्याकडची ऑपरेटर मुलगी आता फाइल आली की आधी ऱ्या शोधते, मग बाकीचं वाचते.

तिचा पहिला आठवडा अवघड गेला. "काका, काळा पडदा आलाय, काय दाबू?" हे दिवसातून चारदा. शेवटी मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली: वरचं इंटरनेट, खालचं पेजमेकर. ग्रबला असंही सांगून ठेवलं की मागच्या वेळी जे निवडलं तेच परत उघड, म्हणजे लाइट जाऊन आली तरी आपण होतो तिथंच येतो. ही सोय मूळ सेटिंगमध्ये असायला हवी होती असं माझं मत.

मिंटची एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. नवी कामं हळूहळू तिकडेच व्हायला लागली. स्क्रायबस १.६ या पानं मांडायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, मजकूर व्हॉट्सॲपवरून उचलून थेट लावता येतो, मध्ये बदलाबदलीचा टप्पाच नाही. फाँटही बहुतेक वेळा मुक्त, त्यांना लॉक लागत नाही. भाषा मराठी निवडायला विसरलं तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात, तेवढं बघावं लागतं. टायपिंगसाठी मला पन्नाशीत इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकावी लागली. टाइपरायटरच्या सवयीची बोटं महिनाभर भलत्याच ठिकाणी पडत होती, पण शिफ्ट धरून जे दाबला की ऱ स्वतंत्र मिळतो हे सुख जुन्या पद्धतीत नव्हतं. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पेजमेकरच्या फाइली उघडतात हेही इथंच कळलं. जुना फाँट मिंटमध्ये टाकला तर मजकूर वाचताही येतो. ओळी मात्र सरकतात, चौकटी हलतात, तेव्हा ते आत काय आहे बघण्यापुरतं ठीक, छपाईला नाही.

आठ जीबी रॅम टाकली होती.  त्यातली विंडोजला सव्वातीनच्या आसपासच दिसते, ३२ बिटची मर्यादाच ती. पेजमेकरला तेवढी दिवाळीच. मिंट सगळी वापरतं आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडूनही कुरकुरत नाही. प्रिंटर दोन्हीकडे चालतो. जुना स्कॅनर विंडोजमध्येच चालतो. मिंटमध्ये त्याच्यासाठी मी फार वेळ घालवला नाही.

ज्यांच्याकडे असं लॉक नाही, जुन्या फाइली कधीतरीच उघडाव्या लागतात, त्यांनी या भानगडीत पडू नये. व्हर्च्युअल मशीनवर सुखानं चालवावं. माझ्यासारखे लॉकमध्ये अडकलेले असाल तर मात्र बोर्डाची काळजी करायला लागा. मी सेकंडहँडवाल्याकडून तसाच दुसरा एच-६१ बोर्ड घेऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवलाय. तो दुसऱ्या कंपनीचा निघाला आणि त्याच्या पॅरलल हेडरच्या पिनांचा क्रम वेगळा आहे, माझी केबल त्याला जुळत नाही. त्याला जुळणारी केबल अजून शोधतोय.