नाक गळतंय की चोंदलंय? गोळी, स्प्रे की ड्रॉप्स

पाऊस ओसरायला लागला की पुण्यात माझ्या शिंका सुरू, सकाळी उठल्या उठल्या लागोपाठ आठ-दहा, आणि कित्येक वर्षं मी याला सर्दीच समजत होतो. सर्दीत अंग मोडून येतं, घसा दुखतो, कधी कणकण असते आणि आठवडा-दहा दिवसांत आटपतं. ॲलर्जीत ताप नाही, नाक पाण्यासारखं गळतं आणि मुख्य म्हणजे खाज, नाकात, डोळ्यांत, टाळूला तर जिभेने घासत बसावं इतकी, आणि हे महिना-दीड महिना चालतं, दरवर्षी त्याच सुमाराला. माझा संशय गाजर गवतावर, तेच काँग्रेस गवत, भारतात 1955 च्या सुमारास पुण्यातच पहिल्यांदा नजरेत भरलेलं, आता प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर पांढरं फुललेलं असतं. वर दिवाळीची साफसफाई आणि माळ्यावरची धूळ.

आता घ्यायचं काय? आधी बघा, नाक गळतंय की चोंदलंय, कारण गोळी गळण्यावर आणि शिंकांवर चांगली चालते, चोंदण्यावर फारशी नाही.

गोळ्यांमध्ये सेट्रिझिन 10 सगळ्यात स्वस्त, तासाभरात फरक पडतो, पण बऱ्याच जणांना पेंग येते, म्हणून रात्रीच घ्यावी. लिवोसेट्रिझिन तिचीच धाकटी बहीण, तीही डुलक्या काढायला लावू शकते. टू-व्हीलर चालवायची असेल किंवा सकाळी मीटिंग असेल तर फेक्सोफेनाडिन बरी, थोडी महाग पण झोप जवळपास येत नाही, फक्त पाण्याबरोबर घ्या, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतली की नीट शोषलीच जात नाही. मेडिकलवाला ‘सर्दीची गोळी’ म्हणून जे पुढे करतो त्यात बहुतेकदा क्लोरफेनिरामिन आणि पॅरासिटामॉल असतं, म्हणजे दिवसभर झोप आणि ताप नसताना तापाचं औषध. मी तरी घेत नाही.

नाक चोंदत असेल तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे. स्टिरॉइड म्हटलं की घरचे घाबरतात, पण डोस अगदी कमी असतो आणि काम नाकातच होतं, फार तर नाक कोरडं पडतं किंवा थोडं रक्त येतं. खरी अडचण वेगळीच आहे, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि लोक तिसऱ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बाटली कपाटात टाकतात. मीही टाकली होती. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो, आणि मारल्यावर जोरात ओढू नका नाहीतर सगळं घशात.

ड्रॉप्स, म्हणजे झायलोमेटाझोलिन वगैरे, दोन-चार मिनिटांत नाक मोकळं करतात, म्हणूनच फसवतात. तीन-चार दिवसांच्या वर घातले की नाक उलट जास्त चोंदतं, मग पुन्हा ड्रॉप्स. मी तीन आठवडे घातले, रात्री उशीखाली बाटली घेऊन झोपायचो, सोडवताना जीव नकोसा झाला! लग्नाला जायचंय, विमानात बसायचंय, एवढ्यापुरते ठीक. बीपीवाल्यांनी तर विचारूनच.

जलनेती किंवा मिठाच्या पाण्याने नाक धुणं स्वस्त आणि चांगलं, पण पाणी उकळून गार केलेलंच, थेट नळाचं अजिबात नको.

मॉन्टेलुकास्ट आणि लिवोसेट्रिझिन एकत्र असलेली गोळी शेजाऱ्याची चिठ्ठी बघून घेऊ नका, काहींना मॉन्टेलुकास्टने वाईट स्वप्नं पडतात, मूड बिघडतो. आणि छातीत सूं-सूं आवाज किंवा दम लागत असेल तर ही सगळी तुलना सोडा आणि डॉक्टरकडे जा, लहान मुलं आणि गरोदर बाईच्या बाबतीतही तेच.

माझं हल्ली ठरलंय, डॉक्टरांनीच सांगितल्याप्रमाणे गणपती बसले की स्प्रे सुरू, म्हणजे त्रासाच्या आधीच, आणि फेक्सोफेनाडिन फक्त ज्या दिवशी माळा काढायचा असतो त्या दिवशी. तो माळा बायकोने काढावा असं माझं म्हणणं आहे, ते अजून मान्य झालेलं नाही.