लॅपटॉप की डेस्कटॉप: प्लगमध्ये बसणाऱ्या वॉटमीटरचा अनुभव

भिंतीवरचे सॉकेट आणि उपकरणाची पिन यांच्यामध्ये बसवायचा छोटा वॉटमीटर बाजारात आणि ऑनलाइनही सहज मिळतो. मी घेतलेल्या मीटरवर व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष वॅट आणि व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार यांचे गुणोत्तर) आणि साठत जाणारे युनिट (एक युनिट म्हणजे १००० वॅटचा एक तासाचा वापर) एवढे आकडे दिसतात. इंदिरानगरमधील आमच्या घरात हिशेबाच्या कामासाठी डेस्कटॉप आणि मुलीच्या अभ्यासासाठी लॅपटॉप अशी दोन्ही यंत्रे रोज चालतात. त्यामुळे वीजबिल नेमके कशाने वाढते, हा वाद तर्काने मिटवण्याऐवजी मोजून मिटवावा, एवढ्याच हेतूने हे मीटर आणले.

पहिला गैरसमज लेबलांचा. डेस्कटॉपच्या एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर, ४५० वॅट लिहिलेले असते आणि लॅपटॉपच्या अडॅप्टरवर ६५ वॅट. हे दोन्ही आकडे त्या उपकरणाची जास्तीत जास्त क्षमता सांगतात, प्रत्यक्ष खप नव्हे. टायपिंग, ई-मेल, हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एवढ्या कामात आमच्या डेस्कटॉपचे कॅबिनेट साधारण ४५ ते ५० वॅट आणि २२ इंची एलईडी मॉनिटर सुमारे २० वॅट घेतो, म्हणजे दोन्ही मिळून जवळपास ७० वॅट, जो जुन्या पद्धतीच्या एका छताच्या पंख्याचा खप आहे. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असताना त्याच कामाला १२ ते १८ वॅट पुरतात. मात्र बॅटरी उतरलेली असताना अडॅप्टर जोडला, तर मीटरवर ५०-६० वॅट दिसतात, आणि तेवढ्या एका नजरेवर विसंबून ‘दोघांत काही फरक नाही’ असे म्हणणारे लोक भेटतात. लॅपटॉपचा खप क्षणाच्या वॅटवर न ठरवता चार्जिंगसह पूर्ण दिवसाचे साठलेले युनिट पाहून ठरवावा लागतो. मीटरचा खरा उपयोग या साठलेल्या आकड्यात आहे.

हा फरक मुळात कुठून येतो, तेही पाहण्यासारखे आहे. लॅपटॉप बॅटरीवर टिकावा म्हणूनच घडवलेला असतो, त्यामुळे त्यातील साध्या वर्गाचे प्रोसेसर १५ वॅटच्या आसपासच्या उष्णतेच्या मर्यादेत बसवलेले असतात, तर डेस्कटॉपच्या नेहमीच्या प्रोसेसरसाठी ६५ वॅट ही सर्वसाधारण मर्यादा आहे. शिवाय लॅपटॉपचा पडदा लहान असतो. उलट डेस्कटॉपमध्ये मोठा एसएमपीएस अगदी कमी भारावर चालत राहतो आणि त्या भारावर त्याची कार्यक्षमता घसरते.

आता पैशांचा हिशेब. दिवसाला ८ तास आणि महिन्याला २५ दिवस काम धरले, तर ७० वॅटचा डेस्कटॉप १४ युनिट आणि १५ वॅटचा लॅपटॉप ३ युनिट घेतो. फरक ११ युनिटांचा. महावितरणचे घरगुती बिल १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी महागत जाते, त्यामुळे वाचलेले युनिट आपला वापर पोहोचलेल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने वाचतात. तरीही सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले, तर महिन्याला ११० रुपये वाचतात. एवढ्यासाठी चालू डेस्कटॉप टाकून नवा लॅपटॉप घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आणि लॅपटॉपला डोळ्यांच्या सोयीसाठी बाहेरचा मॉनिटर जोडला, की त्याचा खप ३५ वॅटवर जातो आणि महिन्याची बचत ७ युनिटांवर येते.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी सापडला तो आकडा संगणकाचा नव्हताच. डेस्कटॉपसोबत आलेला ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर संगणक चालवणारा डबा, त्याला काहीही जोडलेले नसताना, सतत ८ वॅटच्या आसपास खात होता. कामाचे २०० तास वगळले तर महिन्याचे ५२० तास तो नुसता चालू असतो, आणि त्यात ४ युनिटांहून अधिक वीज जाते. बंद केलेल्या पण बोर्डावरून न काढलेल्या कॅबिनेटचे २ वॅट त्यात मिळवले, की हा निव्वळ निष्क्रिय खप ५ युनिटांच्या पुढे जातो. म्हणजे लॅपटॉपच्या महिनाभराच्या कामापेक्षा जास्त! काम संपल्यावर यूपीएस आणि बोर्डाचे बटण दोन्ही बंद करण्याची सवय लावली, तर हा खर्च टळतो.

वॅट आणि युनिट यांतली गल्लत जड कामात आणखी ठळक होते. व्हिडिओ तयार करताना डेस्कटॉप १५० वॅटवर गेला, पण काम २० मिनिटांत उरकले, म्हणजे ०.०५ युनिट. हलक्या लॅपटॉपने ३० वॅटवर तेच काम तासाभरात केले, म्हणजे ०.०३ युनिट. वॅटमध्ये पाच पट दिसणारे अंतर युनिटमध्ये दुपटीपेक्षाही कमी झाले आणि वेळ मात्र तिप्पट लागला. गेमिंगसाठीच्या लॅपटॉपला तर १८० ते २४० वॅटचे अडॅप्टर लागतात, त्यामुळे ‘लॅपटॉप म्हणजे वीजबचत’ हे समीकरण तिथे लागू पडत नाही.

लॅपटॉपची बाजू खऱ्या अर्थाने जड होते ती वीज गेल्यावर. पावसाळ्यात वारा सुटला किंवा देखभालीचा शटडाउन घेतला, की यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास, डेस्कटॉपला फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ देते. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर दोन-तीन तास सहज काढतो आणि इन्व्हर्टरवर घेतला तरी पंख्या-दिव्यांच्या वाट्याची वीज फारशी खात नाही. घरून काम करणाऱ्याने या कारणासाठी लॅपटॉप निवडावा. महिन्याचे शंभर रुपये हे त्यामागचे दुय्यम कारण.

मीटरविषयी दोन तक्रारी नोंदवायला हव्यात. एक ते दोन वॅटच्या खाली त्याचे वाचन भरवशाचे वाटत नाही, त्यामुळे भिंतीत रिकामा लटकणारा मोबाइलचा चार्जर त्यावर शून्य दाखवतो. यूपीएस बॅटरीवर असताना त्याच्या बाहेरच्या बाजूला लावले, तर आकडे उड्या मारतात, कारण स्वस्त यूपीएसमधून येणाऱ्या विजेची लहर घरच्या विजेसारखी गुळगुळीत (शुद्ध साइन) नसते. म्हणून मीटर नेहमी भिंतीच्या बाजूलाच लावावे. पॉवर फॅक्टर ०.६ दिसला तरी घाबरू नये, घरगुती बिल किलोवॅट-तासांवर निघते. गीझर किंवा एसी मोजायचा असेल, तर मात्र त्यावर १६ अँपिअर लिहिले आहे याची खात्री करूनच घ्यावे. प्रत्येक घराने विकत घेण्याइतके हे लागत नाही. सोसायटीत एक असले आणि ते घरोघरी फिरले तरी पुरे.