बडोद्यातील अभ्यासवर्ग : साद झगलूल, वकील ते पंतप्रधान

दांडिया बाजारातील एका मराठी मंडळाने इजिप्तच्या राजकारणावर भरवलेल्या अभ्यासवर्गाला नुकताच जाऊन आलो. शुल्क माफक, बैठक व्यवस्था ठीक, ध्वनिक्षेपक मात्र अधूनमधून कुरकुरणारा. पण इजिप्तच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते साद झगलूल यांच्यासारख्या माणसावर मराठीतून इतक्या तपशिलाने बोलणारे कोणी भेटणे दुर्मीळ असल्याने या गोष्टींकडे दुर्लक्ष करता येते.

झगलूल म्हटले की ब्रिटिश सत्तेविरुद्धचे इजिप्तमधील १९१९चे बंड आठवते. व्याख्यात्यांनी सुरुवात तिथून केली नाही, हे मला विशेष आवडले. कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकलेला, धर्मसुधारक मुहम्मद अब्दुह यांच्या हाताखाली सरकारी राजपत्राच्या संपादनात काम केलेला हा तरुण लष्करी अधिकारी उराबीच्या १८८२च्या उठावानंतर अटकेत जातो, सुटल्यावर वकिली करतो, १८९२मध्ये अपील न्यायालयाचा न्यायाधीश होतो आणि त्यानंतर फ्रेंच शिकून १८९७मध्ये पॅरिसची कायद्याची पदवी मिळवतो, हा सारा प्रवास त्यांनी सावकाश उलगडला. ब्रिटिशांशी जुळवून घेणारे पंतप्रधान मुस्तफा फहमी पाशा यांचे जावई झाल्याचा झगलूलांच्या बढतीशी संबंध होता का, हा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. १९०६मध्ये झगलूल शिक्षणमंत्री झाले. त्याच वर्षी ब्रिटिश अधिकाऱ्यांशी झालेल्या चकमकीनंतर दिनशवाई गावच्या शेतकऱ्यांना फाशी देणाऱ्या विशेष न्यायालयात त्यांचे सख्खे भाऊ फतही बसले होते, हे ऐकताच सभागृहात कुजबुज झाली. (१९०६ हेच बडोदे संस्थानात सर्वत्र सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू झाल्याचे वर्ष, या योगायोगाकडे व्याख्यात्यांनी लक्ष वेधायला हवे होते.)

माझ्या मते झगलूलांची खरी ताकद या सरकारी वर्षांत आहे. १९१०मध्ये कायदामंत्रिपद, खेदिवाशी (इजिप्तच्या राज्यकर्त्याशी) खटके उडाल्यावर १९१२मध्ये राजीनामा आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळात निवडून येऊन विरोधकांचे नेतृत्व : सत्तेच्या खोलीत बसलेला माणूसच १३ नोव्हेंबर १९१८ रोजी ब्रिटिश उच्चायुक्त विंगेट यांच्यासमोर स्वातंत्र्याची मागणी इतक्या नेमकेपणाने मांडू शकतो. ब्रिटिशांनी त्यांना माल्टा आणि सेशेल्स बेटांवर केलेल्या हद्दपाऱ्या व्याख्यानात झटपट उरकल्या गेल्या, त्याची फारशी तक्रार नाही.

तक्रार आहे ती १९२४च्या पंतप्रधानपदाची. निवडणुकीत त्यांच्या वफ्द पक्षाने प्रचंड बहुमत मिळवले, पण नोव्हेंबरमध्ये कैरोत सुदानचे ब्रिटिश गव्हर्नर-जनरल सर ली स्टॅक यांचा खून झाला आणि तेव्हाचे ब्रिटिश उच्चायुक्त ॲलनबी यांनी निर्वाणीचा खलिता धाडला. त्याच्या अटींचा मराठी तर्जुमा छापून आमच्या हाती दिला होता : माफी, गुन्हेगारांना शिक्षा, ५ लाख पौंड दंड, सुदानातून इजिप्ती सैन्याची माघार. झगलूलांनी दंड आणि माफी मान्य केली, सुदानची अट फेटाळली आणि राजीनामा दिला. वकिलाने एकेका कलमावर दिलेले हे उत्तर वाचताना वेळ संपल्याची घंटा वाजली. इथे किमान अर्धा तास हवा होता. १९२६मध्ये पुन्हा बहुमत मिळूनही ब्रिटिशांच्या विरोधामुळे त्यांना पंतप्रधानपद सोडून सभागृहाच्या अध्यक्षपदावर समाधान मानावे लागले, हे तर दोन वाक्यांत आटोपले.

पुढील वर्ग त्यांचे वारसदार मुस्तफा नहास यांच्यावर आहे; तेही वकील व न्यायाधीश होते. मंडळाने सत्ताकाळाला स्वतंत्र सत्र दिल्यास मी नाव नोंदवीन.