दारू सोडायला काय बरं, व्यसनमुक्ती केंद्रात भरती की घरी राहून एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंग?
भावा, रोज दोन-दोन क्वार्टर मारणाऱ्याला घरीच एकदम बंद करायला लावू नका, शेवटच्या घोटानंतर 2-3 दिवसांत थरथर, फिट, भास सुरू होऊ शकतात आणि त्यात जीवपण जातो, मग रंकाळ्यावरचा प्राणायाम काय कामाचा? अशाला डॉक्टर, गोळ्या, बी-1 जीवनसत्त्व लागतंच, म्हणून माझं मत आधी केंद्र. पुण्यातलं मुक्तांगण 1986 पासून औषधासोबत योगा, ग्रुप, घरच्यांचं समुपदेशन असं सगळं करतंय. पण तेवढे दिवस कामधंदा बंद! एए 1935 ला अमेरिकेत सुरू झालं, फी नाही, कोल्हापुरात राहून जमतं, केंद्रातनं आल्यावर तर पाहिजेच, फक्त जुनी गँग तांबडा-पांढरा खायला बोलावते ना, तिथं घसरतंय गडी.