परफेक्ट टेन्सचा कार्डसंच: चित्रं झकास, चौथ्या पानावर मात्र नागपुरी पोरं अडकतात

नागपुरात सीताबर्डीच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानात चौथी-पाचवीसाठी परफेक्ट टेन्सचा, म्हणजे इंग्रजीतल्या पूर्ण वर्तमानकाळाचा, एक कार्डसंच मिळतो. किंमत 260 रुपये. डब्यात क्रियापदांची 48 कार्डं, 16 चित्रजोड्या, कर्त्यांची 10 कार्डं, हॅव-हॅजच्या पट्ट्या आणि 32 पानांची सरावपुस्तिका. मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी तो जरूर घ्यावा. पुस्तिकेचं चौथं पान मात्र मुलांपुढे जसंच्या तसं ठेवू नये.

आधी चित्रजोड्या, कारण डब्याचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. एका कार्डावर ताटात पोळी, दुसऱ्यावर रिकामं ताट. एकावर धड काच, दुसऱ्यावर फुटलेली. दुसरं कार्ड बघून वाक्य म्हणायचं: ‘शी हॅज ईटन’, ‘ही हॅज ब्रोकन द विंडो’. काम संपलंय आणि त्याची खूण आत्ता डोळ्यांसमोर आहे, हे मुलाला व्याख्येशिवाय कळतं. जोडीला वर्गातली खिडकी घ्या. खिडकी लावा आणि म्हणा, ‘आय हॅव क्लोज्ड द विंडो’. मग ती उघडा आणि विचारा, आता हेच वाक्य म्हणता येईल का? मुलं आपणच ‘नाही’ म्हणतात. तिथेच ‘आय क्लोज्ड इट’ हा साधा भूतकाळ फळ्यावर लिहावा. दोन काळांतला फरक एवढ्या पाच मिनिटांत बसतो.

आता ते चौथं पान. त्यावर सूचना आहे: ‘मराठी वाक्यात ला-ली-ले आणि पुढे आहे आलं, की परफेक्ट टेन्स.’ पुण्याच्या वर्गात ही खूण बऱ्यापैकी चालेल. आपल्याकडे पोरगं सहज म्हणतं, ‘तो जेवून राहिला आहे.’ ‘जेवून’ आहे, ‘ला’ आहे, पुढे ‘आहे’ही आहे, आणि माणूस अजून ताटावरच बसलेला! सूचना पाळणारं मूल प्रामाणिकपणे ‘ही हॅज ईटन’ लिहितं, उत्तर मात्र ‘ही इज ईटिंग’ असतं. चूक मुलाची नाही आणि त्याच्या बोलीची तर मुळीच नाही. ‘राहिला’ला चूक ठरवू नका. त्या पानावर कागद चिकटवून एकच प्रश्न लिहा: ‘काम झालं का, की चालूच आहे?’ ‘जेवून राहिला’ म्हणजे चालू, ‘जेवला आहे’ म्हणजे झालं. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून खाली इंग्रजी लिहिलं, तर नागपुरी बोली उलट मदतीलाच येते.

हॅव-हॅजच्या पट्ट्या जाड आहेत, रंगही वेगळे आहेत. पण मुलं इथे का चुकतात ते पुस्तिकेत कुठेच सांगितलेलं नाही. ‘राधाने पोळ्या केल्या आहेत’ या वाक्यात ‘आहेत’ पोळ्यांमुळे आलंय, राधामुळे नाही. मूल त्याच हिशेबाने ‘राधा हॅव मेड’ लिहितं. उलट ‘आम्ही पोळी खाल्ली आहे’चं ‘वी हॅज ईटन’ होतं. ‘ही-शी-इट हॅज’ दहा वेळा घोकून हे जात नाही. कर्त्याचं कार्ड डाव्या हाताला ठेवा, पोळ्यांचं चित्र पालथं घाला, मगच पट्टी निवडायला सांगा. पोळ्या एक असोत की पन्नास, पट्टी राधाकडेच बघते, हे हाताने केल्यावर पटतं.

क्रियापदांची कार्डं वर्णानुक्रमे लावलेली आहेत, तो क्रम मोडा. पहिल्या आठवड्यात तिन्ही रूपं सारखी असलेली चारच घ्या: कट, पुट, हिट, शट. मग शेवटची दोन सारखी असलेली, मेड, सोल्ड, फाउंड अशी. ईटन, रिटन, सीन, डन, गॉन शेवटी. एका तासात सहापेक्षा जास्त नवी कार्डं काढू नका. ‘बॉट’ आणि ‘ब्रॉट’ एकाच दिवशी तर नकोच, मुलं एकमेकांच्या जागी वापरतात. ‘रीड’च्या कार्डावर तिन्ही ठिकाणी एकच स्पेलिंग छापलंय. उच्चार रीड-रेड-रेड असा बदलतो, पण त्याची खूण नाही. ती पेनाने करून घ्या.

कालदर्शक शब्दांची पानं घाईत उरकलेली वाटतात. मराठीत ‘तो कालच आला आहे’ खुशाल चालतं, म्हणून ‘ही हॅज कम यस्टरडे’ ही चूक प्रत्येक वर्गात येणारच. इंग्रजीत ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असा संपलेला वेळ आला, की परफेक्ट बसत नाही. पुस्तिकेत यावर एकच ओळ आहे, सराव शून्य. फॉर-सिन्सचं पान चौथीत सरळ वगळा. आपल्या एका ‘पासून’चे तिथे दोन तुकडे होतात (दोन वर्षांपासून म्हणजे फॉर, सोमवारपासून म्हणजे सिन्स), ते पाचवीच्या दुसऱ्या सत्रात पेलतं.

गॉन आणि बीन यांची जोडी मात्र फार छान जमली आहे. कार्डांवर रिकामी खुर्ची आणि खुर्चीत परत आलेला मुलगा. ‘रामटेकला गेला आहे’ म्हणजे गॉन, ‘रामटेकला जाऊन आला आहे’ म्हणजे बीन. इथे मराठी सरळ कामी येते, सूचनाही बरोबर आहे.

बांधणीचं बोलायचं तर चित्रकार्डांचं लॅमिनेशन कोपऱ्यांतून सुटतं. पहिल्याच दिवशी चारही कोपरे कात्रीने गोल कापून पारदर्शक चिकटपट्टी लावा. चाळीस मुलांच्या वर्गाला एक डबा पुरत नाही. दुसरा घेण्याऐवजी चित्रजोड्या आठ गटांत दोन-दोन वाटा आणि दर दहा मिनिटांनी फिरवा. घेताना दुकानातच डबा उघडून हॅजच्या पट्ट्या मोजा. दहा हव्यात, काही डब्यांत आठच निघतात.